पहिली स्क्रिप्ट बरोबर, दुसरीही बरोबर, पण पाइप लावला की एरर

यातलं काही दिसतंय का ते आधी बघा.

- दोन्ही स्क्रिप्ट एकेकट्या नीट चालतात. मधे | (म्हणजे पाइप: पहिलीचं आउटपुट थेट दुसरीला देणारं चिन्ह) टाकला की दुसरी पहिल्याच ओळीवर मान टाकते.
- पायथन ‘इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट’ किंवा ‘ईओएफ व्हेन रीडिंग अ लाइन’ म्हणतो.
- एररही नाही, उत्तरही नाही. कर्सर नुसता लुकलुकतो.
- फक्त पहिली ओळ चुकते, किंवा फक्त शेवटची गायब होते.
- मराठी नावांच्या जागी ????? येतं.
- सगळं सुरळीत पार पडतं, पण बेरीज कमी भरते. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

माझ्याकडे हा बिघाड बहुतेक वेळा दूध संकलनाच्या हिशोबातून येतो. केंद्रावरून फाइल येते: उत्पादक क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), रक्कम आणि शेवटी गाय की म्हैस. एक स्क्रिप्ट हवे ते रकाने काढते, दुसरी दराप्रमाणे हिशोब करते, तिसरी गावनिहाय बेरीज मांडते. दर दहा दिवसांनी बिल. म्हणजे महिन्यातून तीनदा कोणाचा तरी फोन ठरलेला: ‘काल तर चालत होतं.’ फोन करणारा नेहमी दुसऱ्या स्क्रिप्टचा कोड उघडून बसलेला असतो, कारण एरर तिच्या नावावर येते. पण ती बिचारी पुढ्यात आलेलं खाते. दोष बहुतेक वेळा तिच्या ताटात काय पडलं यात असतो. म्हणून कोडला हात लावण्याआधी पाइपमधून काय वाहतंय ते बघायचं. खालची सगळी तपासणी त्याच क्रमाने आहे, फुकटातली आधी.

(आज्ञांची आणि एररची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना अर्थातच रोमन.)

एरर पूर्ण वाचा, विशेषतः अवतरणचिन्हांच्या आतलं

याला अर्धा मिनिट लागतो आणि निम्मे बिघाड इथेच सापडतात. पायथनला आकड्याऐवजी दुसरं काही मिळालं की एररच्या शेवटी, अवतरणांत, तो नेमकं काय मिळालं ते छापतो. आत काहीच नसेल तर रिकामी ओळ आली. ‘रक्कम’ असेल तर शीर्षकाची ओळ डेटात घुसली. आत \ आणि पुढे ‘यूएफईएफएफ’ असं काही असेल तर तो अदृश्य बीओएम, म्हणजे फाइलीच्या तोंडाशी बसणारी खूण, आहे; त्याच्याकडे खाली येऊच. डोळ्यांना न दिसणारी अक्षरं पायथन इथे उघडी करून दाखवतो. स्क्रीनवर साधं ‘101’ आणि अदृश्य अक्षर चिकटलेलं ‘101’ दोन्ही सारखेच दिसतात, एररमध्ये दिसत नाहीत.

‘ब्रोकन पाइप’ ही एरर वेगळ्या जातीची आहे. पुढचा कार्यक्रम आधीच उठून गेला आणि मागचा अजून डेटा पाठवतोय, एवढाच तिचा अर्थ. पुढे ‘हेड’ लावून पहिल्या दहाच ओळी मागितल्या असतील तर हे व्हायचंच, सोडून द्या. ‘हेड’ नसताना आली तर दुसरी स्क्रिप्ट आधीच कशाने तरी मेली आहे. खरी एरर तिची, ती वर सरकून गेलेली असेल. स्क्रोल करा.

पाइप मधोमध तोडा

पहिलीचं आउटपुट > लावून फाइलीत घ्या. मग तीच फाइल < लावून दुसरीला द्या.

एरर तशीच आली तर पाइपचा काही संबंध नाही. फाइल उघडा, दोषी ओळ त्यात सापडेल. एरर गेली तर मामला वेळेचा, बफरचा (आउटपुट साठवून ठेवण्याचा) किंवा एन्कोडिंगचा (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीचा) आहे, तेव्हा सरळ खाली जा. ही एक चाचणी केली की अर्धं जंगल साफ होतं, तरी लोक ती करत नाहीत, कारण पाइप तोडायचा कंटाळा. तोडायचा नसेल तर मधे ‘टी’ बसवा. ती डेटा पुढेही सोडते आणि एक प्रत फाइलीतही ठेवते.

फाइल हातात आली की तीन गोष्टी बघा: पहिल्या तीन ओळी, शेवटच्या तीन ओळी आणि एकूण ओळींची संख्या. त्यानंतर माझी आवडती तपासणी. ‘ऑक’ला, म्हणजे रकान्यांचा मजकूर ओळीओळीने हाताळणाऱ्या आज्ञेला, स्वल्पविरामावर तोडून प्रत्येक ओळीतले रकाने मोजायला सांगा (त्याच्याकडे ती संख्या ‘एनएफ’मध्ये तयार असते), ते आकडे ‘सॉर्ट’मधून आणि मग सारख्या ओळी मोजणाऱ्या ‘युनिक -सी’मधून जाऊ द्या. सगळ्या ओळींत सातच रकाने असतील तर उत्तर एका ओळीत येतं. सात रकान्यांच्या 412 ओळी आणि आठ रकान्यांच्या 3 असं आलं की चोर त्या तिघांत आहे. माझ्याकडे ते तीन म्हणजे ज्यांचं बिल हजाराच्या वर गेलं असे उत्पादक निघाले होते. रक्कम ‘1,240.00’ अशी लिहिलेली, आणि तो स्वल्पविराम रकान्याचा समजला गेला. लाखाच्या वरचा आकडा तर 1,20,500 असा तीन तुकड्यांत फुटतो. उपाय पहिल्या स्क्रिप्टमध्ये करा: आकडे स्वल्पविरामाशिवाय पाठवा, किंवा रकाने टॅबने वेगळे करा. स्वल्पविराम माणसांसाठी असतो, तो शेवटच्या छापील कागदावर घाला.

डेटात गप्पा मिसळल्यात का?

‘फाइल उघडली’, ‘एकूण 412 ओळी’, ‘झालं!’ असले संदेश आपण हौसेने छापतो. स्क्रीनवर ते छान दिसतात, पाइपमध्ये मात्र तेही डेटा म्हणून वाहतात. पुढची स्क्रिप्ट ‘झालं!’चा आकडा करायला जाते आणि तिथेच संपते.

प्रत्येक कार्यक्रमाला तीन वाटा मिळतात: 0 म्हणजे आत येणारी, 1 म्हणजे बाहेर जाणारी, 2 म्हणजे तक्रारींची. | फक्त 1 नंबरची वाट जोडतो. म्हणून माणसासाठीचा प्रत्येक शब्द 2 वर गेला पाहिजे, म्हणजे ‘एसटीडीएरर’वर. तो स्क्रीनवरही दिसतो आणि डेटाही बाटत नाही.

यातली सगळ्यात छुपी खोड पायथनच्या ‘इनपुट’ फंक्शनची आहे. ‘तारीख टाका: ’ असा प्रश्न त्यात लिहिला आणि पुढे पाइप लावला, तर तो प्रश्न स्क्रीनवर न येता पाइपमध्ये जातो. तुमच्यासमोर काळा पडदा. तुम्हाला वाटतं लटकलं, आणि स्क्रिप्ट तुमच्या उत्तराची वाट बघत बसलेली. वैतागून एंटर मारला की दुसऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीला ‘तारीख टाका: 101’ असं शेपूट उलटं चिकटून जातं, कारण प्रश्नानंतर नवी ओळ नसते. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. बॅशचा (लिनक्सवर आज्ञा चालवणारा कार्यक्रम) ‘रीड -पी’ शहाणा. तो प्रश्न 2 वर टाकतो, त्यामुळे बॅशमधून पायथनमध्ये आलेल्याला हे सुचतच नाही. पाइपमध्ये बसणाऱ्या स्क्रिप्टने प्रश्न विचारूच नयेत. तारीख आज्ञेसोबत आर्ग्युमेंट म्हणून द्या.

दुसरी स्क्रिप्ट खरंच पाइपमधून वाचते का?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण विचारा. फाइलीचं नाव आर्ग्युमेंटमधून घेणारी स्क्रिप्ट पाइपकडे ढुंकून बघत नाही. ‘इको’, ‘एलएस’, ‘आरएम’ याही आत येणाऱ्या वाटेतून काही वाचत नाहीत. त्यांना पाइपमधून यादी दिली तर ती हवेत जाते. तिथे यादीचे आर्ग्युमेंट करून देणारं ‘एक्सआर्ग्ज’ लागतं.

दुसरा प्रकार वाटेत लूट होण्याचा. बॅशमध्ये ‘व्हाइल रीड’ लावून केंद्रांची यादी वाचताय आणि आत प्रत्येक केंद्राच्या संगणकावर ‘एसएसएच’ने जाताय. पहिल्या केंद्राचं काम होतं आणि लूप संपतो, एरर नाही. झालं असं की ‘एसएसएच’सुद्धा 0 नंबरच्या वाटेतून वाचते आणि उरलेली यादी तिने पिऊन टाकली. ‘एसएसएच’ला -एन द्या, की ती हात आवरते. व्हिडिओ हाताळणाऱ्या ‘एफएफएमपेग’लाही हीच खोड आहे, तिच्यासाठी ‘-नोएसटीडीइन’.

आणि स्क्रिप्टचा मजकूरच << लावून पायथनला भरवत असाल, तर 0 नंबरची वाट त्या मजकुराने अडवली. मागून पाइपने पाठवलेल्या डेटाला आत यायला दारच उरत नाही. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलीत ठेवा.

न दिसणारी अक्षरं

इथवर सगळं स्वच्छ निघालं तर आता बाइट बघायचे. लिनक्सवर ‘कॅट’ला मोठा ए द्या, मॅकवर छोटे -ई आणि -टी. प्रत्येक ओळीच्या शेवटी $ दिसेल. देवनागरी अक्षरांच्या जागी भलतीच रोमन गर्दी दिसते, तिला घाबरू नका. ओळीची सुरुवात आणि शेवट एवढंच बघा.

शेवटी $ च्या आधी ^एम दिसला तर फाइल विंडोजवरून आली आहे. विंडोज ओळ संपवताना 13 आणि 10 हे दोन बाइट लिहितं, लिनक्स फक्त 10. तो जादा 13 शेवटच्या रकान्याला चिकटून राहतो. आमच्या शेवटच्या रकान्यात ‘गाय’ किंवा ‘म्हैस’. ऑकच्या स्क्रिप्टमध्ये अट अशी होती की ‘म्हैस’ असेल तर म्हशीचा दर, नाहीतर गाईचा. प्रत्येक ‘म्हैस’च्या मागे अदृश्य 13 बसला होता, त्यामुळे एकही म्हैस जुळली नाही. 6.0 फॅटचं दूध गाईच्या दरपत्रकातून मोजलं गेलं. एरर शून्य. एका आजोबांनी हातातली पावती आणि बिल शेजारी ठेवून विचारलं तेव्हा कळलं. उपाय: दोन स्क्रिप्टच्या मधे ‘टीआर -डी’ लावून तो बाइट उडवा, किंवा फाइल आल्या आल्या ‘डॉस टू युनिक्स’मधून काढा. आणि ‘नाहीतर गाय’ असली अट लिहू नका. गाय नाही, म्हैस नाही, तर आरडाओरडा करून थांब, असं लिहा.

फक्त पहिलीच ओळ चुकत असेल तर बीओएम. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणून जतन केलं की फाइलीच्या तोंडाशी तीन बाइट बसतात. पहिला क्रमांक मग ‘101’ राहत नाही. पायथनला एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ सांगा, तो ते तीन बाइट गिळून टाकतो.

मराठी डेटाच्या खास भानगडी

इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

कोणीतरी फोनवरून ‘१२.५’ लिटर असं देवनागरी अंकांत भरतं. पायथनचा ‘फ्लोट’ ते मुकाट 12.5 धरतो. ऑकला मात्र तो आकडा वाटतच नाही, तो 0 धरतो. ‘सॉर्ट -एन’ही तसंच. म्हणजे पायथनमध्ये जुळलेली बेरीज ऑकमध्ये एका शेतकऱ्याएवढी कमी येते, आणि दोघंही तक्रार करत नाहीत. अंक पहिल्याच स्क्रिप्टमध्ये एका लिपीत आणा.

आता कऱ्हाड. गावनिहाय बेरजेत कऱ्हाड दोनदा आलं, दोन वेगळ्या बेरजांसह. डोळ्यांना दोन्ही सारखे. हा ‘ऱ्ह’ टंकायच्या वाटाच अनेक आहेत: कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, कोणी र खाली नुक्ता देतो, कोणी र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे. संगणकासाठी ही तीन गावं आहेत. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’मधलं ‘एनएफसी’ रूपांतर पहिल्या दोन वाटा एक करतं, तिसरी नाही. तिच्यासाठी ‘र, हलन्त, जोडक’ या त्रिकुटाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ असं हाताने बदलावं लागतं. वऱ्हाड, सातबाऱ्याचा ‘ऱ्या’, सगळीकडे हेच. नावावरून जुळणी करणं टाळता आलं तर टाळा आणि उत्पादक क्रमांक वापरा.

अक्षरं तुटून चौकोन किंवा प्रश्नचिन्हांची हिरेदार चौकट दिसत असेल तर मधे कुठे ‘कट -सी’ किंवा ‘हेड -सी’ आहे का बघा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. ‘हेड -सी’ बाइट मोजतो, आणि अनेक लिनक्सवर ‘कट -सी’सुद्धा. दहा ‘अक्षरं’ मागितली की चौथ्याचा एक तृतीयांश हाती येतो.

विंडोजवर पायथनची गंमत अशी की नावं स्क्रीनवर छान दिसतात आणि पाइप लावला की ‘चारमॅप’ची एरर. स्क्रीनसाठी तो युनिकोड वापरतो, पण पाइपसाठी बऱ्याच आवृत्त्यांत विंडोजचं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ता. ‘पायथनयूटीएफ8’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करा. ????? दिसत असेल तर बहुधा पॉवरशेल 5.1, म्हणजे विंडोजची आज्ञा चालवायची खिडकी. ते बाहेरच्या कार्यक्रमाला मजकूर देताना आस्कीत (फक्त इंग्रजी अक्षरांच्या तक्त्यात) बदलतं आणि मराठीचा चुरा होतो. वर सांगितलेली फाइल तोडायची चाचणीही तिथे फसवते, कारण त्याचं > यूटीएफ-16 मध्ये लिहितं आणि < तर चालतच नाही. पॉवरशेल 7 घ्या, नाहीतर साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पाइप चालवा. तो बाइट जसेच्या तसे नेतो. एकदा ????? झालेल्या फाइलीतून मात्र नावं परत मिळत नाहीत. मूळ फाइलीकडेच जावं लागतं.

शेवटची ओळ

फाइलीच्या अगदी शेवटी नवी ओळ नसेल तर बॅशचा ‘व्हाइल रीड’ ती शेवटची ओळ वाचतो, पण तिच्यासाठी लूपच्या आतला भाग चालवत नाही. ओळी मोजणारं ‘डब्ल्यूसी -एल’ही एक कमी मोजतं. शेवटचा शेतकरी गेला. ‘इको’ने एक रिकामी ओळ जोडणं हा जुगाड चालतो, पण मग रिकाम्या ओळी वगळायची सोय दुसरीत हवी.

लटकलंय की साठवतंय?

काट्यावरचं वजन थेट वाचून पुढच्या स्क्रिप्टला देणाऱ्यांना हे भेटतं. कॅन ठेवला, आकडा येत नाही. आउटपुट स्क्रीनवर जात असेल तर पायथन ओळ संपली की सोडतो. पाइपमध्ये जात असेल तर गाठोडं भरेपर्यंत साठवतो. माझ्याकडच्या पायथनात ते 8192 बाइटचं आहे. वजनाची ओळ वीस बाइटची धरली तरी चारशेच्या वर कॅन व्हायला हवेत, तेव्हा पहिला आकडा दिसणार. पायथनला -यू द्या, किंवा ‘प्रिंट’मध्ये ‘फ्लश’ चालू करा. दुसऱ्या कार्यक्रमांना ‘एसटीडीबफ’ बऱ्याचदा लागू पडतं.

मधेच कोणी मेलं का?

हे शेवटी ठेवलं, कारण यासाठी चालवायची पद्धतच बदलावी लागते. बॅश पूर्ण पाइपचा निकाल म्हणून फक्त शेवटच्या कार्यक्रमाचा निकाल सांगतो. पहिली स्क्रिप्ट 200 व्या ओळीवर कोसळली तरी तिसरी मिळालेल्या तेवढ्याच ओळींची बेरीज करून 0 म्हणजे ‘सब ठीक’ कळवते. चालवणाऱ्या फाइलीच्या डोक्यावर ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा. कोण पडलं ते ‘पाइपस्टेटस’ सांगतो. त्यात 141 दिसला तर तो वरचाच ‘ब्रोकन पाइप’ (128 अधिक सिग्नल 13). याशिवाय ओळींची संख्या सुरुवातीला आणि शेवटी मोजून ताडून बघा. 1964 मध्ये डग मॅकिलरॉय यांनी कार्यक्रम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता यावेत अशी कल्पना मांडली आणि 1973 मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला. नळी मधे फुटली तर पुढच्या टोकाला धार बारीक होते, एवढंच. टोक स्वतःहून ओरडत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

काट्याची किंवा फॅट मशीनची फाइल उघडल्यावर वाचता येणारा मजकूरच नसेल, तर अंदाजाने बाइट तोडत बसू नका. ते यंत्राच्या कंपनीचं खाजगी स्वरूप असतं. त्यांच्याकडून निर्यातीची सोय मागा. नावं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात असतील तर रूपांतर त्या फॉन्टाचा तक्ता असलेल्याच माणसाकडून करून घ्या. घरगुती शोध-बदलात वेलांट्या हमखास पलटतात.

पाइपचं शेवटचं टोक चालू डेटाबेसमध्ये किंवा बँकेच्या भरणा फाइलीत लिहीत असेल, तर ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा चालवू नका. दोनदा जमा झालेले पैसे परत मागायला घरोघर जावं लागतं. आधी ते टोक काढा, डेटाबेस सांभाळणाऱ्याला बोलवा, मगच तपासा.

आणि बिलं वाटून झाल्यावर चूक सापडली असेल तर स्क्रिप्ट दुरुस्त करण्याची घाई नको. आलेली मूळ फाइल, त्या दिवशीची स्क्रिप्ट आणि निघालेलं बिल, तिन्हीच्या प्रती हात न लावता बाजूला ठेवा आणि हिशोबनिसांना कळवा. फरक कोणाला किती द्यायचा, हे ते त्या तीन फायलींवरूनच काढणार आहेत.